खाणीचे कर्ज आणि खाणीची कमाई



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संतवाङ्मय अशा विषयांवर ऐकण्याची आपणांस सवय आहे. आज आम्ही एका कोळसा कंपनीच्या कर्जाविषयी बोलणार आहोत. विषय रुक्ष आहे हे आम्हांस मान्य आहे. पण कर्ज ही वस्तू ओळखीची नाही असे घर ह्या मंडपात क्वचितच असेल. कोणी घरासाठी काढले असेल, कोणी विहिरीसाठी, कोणी लग्नकार्यासाठी. तेव्हा जी गोष्ट आपण घरी करतो, तीच हजारो कोटींत कशी होते, एवढेच पाहावयाचे आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. ताळेबंद वाचण्याचे शिक्षण आम्हांस कोणत्या कॉलेजात मिळालेले नाही. मागणीपत्र घेऊन गेलो, की समोरून एकच उत्तर येई : “कंपनीला परवडत नाही.” परवडते की नाही हे ठरवायचे, तर कंपनीचा हिशेब वाचता आला पाहिजे. म्हणून एखाद्या कारकून मित्राला बरोबर घेऊन, युनियनच्या कचेरीत रात्री बसून, आम्ही ही बाराखडी गिरवली. त्यातून पक्की झालेली एक गोष्ट अशी, की पगारवाढीचा प्रश्न पुष्कळदा व्यवस्थापकाच्या टेबलावर सुटत नाही. तो कंपनीने तीन-चार वर्षांपूर्वी काढलेल्या कर्जाच्या कागदावरच सुटलेला किंवा अडकलेला असतो.

कर्ज मोजावयाचे कसे? नुसता आकडा पाहून काही कळत नाही. पाच लाखांचे कर्ज शाळामास्तराला जड आणि व्यापाऱ्याला हलके. म्हणून कर्ज नेहमी कमाईच्या शेजारी ठेवून पाहावे लागते. वर्षाची कमाई घ्यावयाची आणि कर्ज तिच्या किती पट आहे हे काढावयाचे. येथे कमाई म्हणजे मालाच्या विक्रीतून मजुरी, डिझेल, वीज, वाहतूक, स्वामित्वधन हे सारे खर्च वजा जाता उरलेली रक्कम. व्याज, कर आणि घसारा मात्र अद्याप काढलेला नाही. बाजारात हिला ‘एबिट्डा’ म्हणतात. कर्जातून कंपनीच्या हाती असलेली रोकड वजा करतात. उरते ते निव्वळ कर्ज. निव्वळ कर्ज सहा हजार कोटी आणि कमाई तीन हजार कोटी असेल, तर प्रमाण दोन पट. खाणधंद्यातला सर्वसाधारण ठोकताळा असा, की एक पटीच्या आसपास असेल तर स्वस्थ झोपावे, दोनवर गेले तर जागे राहावे, आणि तीनच्या पुढे गेले तर उठून दिवा लावावा.

आता कोणी विचारील, वीज कंपन्या चार-चार, पाच-पाच पट कर्ज घेऊन चालतात, मग खाणीलाच एवढा धाक का? त्याचे कारण खनिजाच्या भावात आहे. विजेचा दर बहुधा सरकारी आयोग ठरवून देतो. कोळसा, तांबे, लोखंड ह्यांचा भाव जगाचा बाजार ठरवतो, आणि तो कोणाचे ऐकत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. टनाला शंभर रुपये भाव आहे, खर्च सत्तर रुपये आहे, कमाई तीस रुपये. कर्ज टनामागे साठ रुपये धरा. प्रमाण दोन पट. भाव फक्त वीस टक्क्यांनी उतरला, ऐंशी झाला. खर्च सत्तरच आहे, कारण डिझेलवाला आणि रेल्वे काही सूट देत नाहीत. कमाई उरली दहा. कर्ज साठच आहे. प्रमाण दोनावरून सहा पटीवर गेले! कंपनीने एक पैसाही नवे कर्ज काढलेले नाही. वीस टक्के भाव उतरला आणि कर्ज तिप्पट जड झाले. हे गणित ज्याला समजले, त्याला खाणधंद्यातील निम्मे राजकारण समजले.

आता खरे उदाहरण पाहू. अमेरिकेत पीबॉडी नावाची कोळसा कंपनी आहे. तिचा आरंभ १८८३ सालचा. खाजगी क्षेत्रातील जगातली सर्वांत मोठी कोळसा कंपनी म्हणून तिचे नाव होते. २०१० साली तिचे कर्ज सुमारे पावणेतीन अब्ज डॉलर होते, आणि वर्षाची कमाई, आता सांगितली त्या अर्थाने, सुमारे एक अब्ज ऐंशी कोटी डॉलर. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी हे लक्षात ठेवा. प्रमाण दीड पट. कोणाही सावकाराने डोळे मिटून पैसे द्यावेत अशी स्थिती.

२०१०-११ च्या पावसाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात महापूर आले. तेथील खाणींत पाणी शिरले. पोलादाच्या भट्टीला लागणारा उत्तम कोळसा मुख्यतः तेथूनच जगाला जातो. टंचाई झाली, आणि २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत ह्या कोळशाचा करारभाव टनाला ३३० डॉलर झाला. चीनमध्ये पोलादाचे कारखाने धडाक्याने चालले होते. सगळ्यांना वाटले, हे दिवस आता कायमचे. त्याच वर्षी पीबॉडीने ऑस्ट्रेलियातील मॅकार्थर कोल ही कंपनी सुमारे पाच अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि पैसा बव्हंशी कर्जाने उभा केला. २०११ च्या अखेरीस कर्ज सुमारे ६.७ अब्ज डॉलर झाले. त्या वर्षीची कमाई सुमारे २.१ अब्ज. प्रमाण तिपटीहून थोडे वर.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मॅकार्थरचा व्यवहार वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत झाला. म्हणजे त्याचे कर्ज सगळे हिशेबात आले, पण त्या खाणींची कमाई दोन-अडीच महिन्यांचीच आली. तेव्हा तिपटीचा आकडा थोडा कडक आहे, असे कंपनीचा वकील म्हणू शकला असता, आणि ते खोटे नव्हते. पण दुसरी बाजू त्याने सांगितली नसती. ती कमाई फार चढ्या भावाच्या वर्षातली होती. सुगीच्या महिन्यातले उत्पन्न बाराने गुणून कोणी वर्षाचा हिशेब मांडीत नाही. खाणीची कमाई पाहावयाची ती चढत्या-उतरत्या सात-आठ वर्षांची सरासरी काढून. आणि पीबॉडीने जे विकत घेतले, तेही त्याच चढ्या भावाने विकत घेतले होते.

पुढे चीनची भूक मंदावली, अमेरिकेत स्वस्त नैसर्गिक वायूने वीजघरांतला कोळसा मागे रेटला. भाव उतरत गेला. २०१६ च्या पहिल्या तिमाहीत तोच ३३० डॉलरचा कोळसा ८१ डॉलरवर आला. आता २०१५ सालचे आकडे ऐका. कर्ज सुमारे ६.३ अब्ज डॉलर, म्हणजे २०११ पेक्षा थोडे कमीच. कमाई मात्र सुमारे ४३ कोटी डॉलर. प्रमाण चौदा-पंधरा पट! आणि त्या वर्षाचे नुसते व्याज सुमारे ४६ कोटी डॉलर. सगळी कमाई व्याजात घातली तरी व्याज भागत नाही; मुद्दल, कर, यंत्रे तर दूरच. १३ एप्रिल २०१६ रोजी पीबॉडीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता ह्या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग. त्याच २०१६ साली चीन सरकारने आपल्या खाणींचे कामाचे दिवस कमी केले. पुरवठा आटला. नोव्हेंबरात त्याच पोलादी कोळशाचा रोखीचा भाव पुन्हा ३०० डॉलरच्या वर गेला. खाणी त्याच होत्या, कोळसा तोच होता, खाली उतरणारी माणसे तीच होती. सात महिने आधी कंपनी दिवाळ्यात गेली होती, एवढेच. भाव परत येतो, पण तो आपल्या सवडीने येतो. व्याजाची तारीख कोणाची सवड पाहत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली, तेव्हा जुन्या भागधारकांचे भाग रद्द झाले होते आणि धनको मालक झाले होते.

ह्यावरून दुसरा धडा निघतो. कर्ज किती पट आहे एवढेच विचारून भागत नाही. ते फेडावयाचे केव्हा, हेही विचारावे लागते. दहा वर्षांत पसरलेले तिप्पट कर्ज एक वेळ निभावते. दोन वर्षांत फेडावयाचे दुप्पट कर्ज गळफास होते. शिवाय पुष्कळ कर्जांच्या कागदात अट असते, की प्रमाण अमुक पटीच्या वर गेले तर सावकाराला नव्या अटी घालता येतील, किंवा पैसा तत्काळ परत मागता येईल. म्हणजे भाव उतरला की पावसाबरोबर छत्रीही जाते.

तिसरा धडा आम्हां कामगारांच्या अंगाला लागलेला आहे. ताळेबंदात ‘कर्ज’ ह्या सदरात जे लिहिलेले असते, तेवढेच कंपनीचे देणे नसते. अमेरिकेत १९४६ साली खाणकामगारांचा मोठा संप झाला. सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, आणि सरकारतर्फे ज्युलियस क्रूग आणि कामगारांतर्फे जॉन एल. लुईस ह्यांच्यात करार झाला. त्यातून खाणकामगारांचा कल्याण व निवृत्तिनिधी उभा राहिला. फुफ्फुसात कोळशाची धूळ घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला औषधपाणी आणि म्हातारपणी दोन घास मिळावेत, हा त्या कराराचा अर्थ. हे देणेच होय. कामगाराने काम आधी करून दिलेले असते. त्याच्या मजुरीचा एक भाग पुढे द्यावयाचा म्हणून राखून ठेवलेला असतो. सावकाराने पैसा दिला तर त्याला कर्ज म्हणतात. कामगाराने तीस वर्षे दिली, तर त्याला निराळे नाव का द्यावे?

पीबॉडीने २००७ साली आपल्या काही खाणी वेगळ्या काढून पॅट्रियट कोल ही नवी कंपनी केली. खाणींबरोबर हजारो निवृत्त कामगारांच्या औषधपाण्याची जबाबदारीही तिच्या पदरात टाकली. त्या निवृत्तांपैकी बहुतेकांनी पॅट्रियटमध्ये एक दिवसही काम केले नव्हते; कंपनी जन्मली तेव्हा ते घरी बसलेले होते. पीबॉडीचा ताळेबंद हलका दिसू लागला. पॅट्रियट मात्र २०१२ च्या जुलैत दिवाळखोरीत गेली. मे २०१३ मध्ये न्यायालयाने तिला निवृत्तांच्या सवलती कापण्याची मुभा दिली. खाणकामगारांची युनियन रस्त्यावर उतरली. सेंट लुईस शहरात पीबॉडीच्या कचेरीसमोर पांढऱ्या केसांची माणसे बसली आणि अटक करून घेती झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तडजोड होऊन पीबॉडीने निवृत्तांच्या निधीत ३१ कोटी डॉलर टप्प्याटप्प्याने भरण्याचे मान्य केले. पॅट्रियट २०१५ साली पुन्हा दिवाळखोरीत गेली. एकामागून एक कोळसा कंपन्या बुडत गेल्या, आणि अखेर डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसला कायदा करून खाणकामगारांची पेन्शन सरकारी आधाराने वाचवावी लागली. म्हणजे कंपन्यांनी हलके केलेले ओझे शेवटी जनतेच्या खांद्यावर आले.

असेच दुसरे लपलेले देणे जमिनीचे. खाण संपली की खड्डा बुजवून, माती पसरून, जमीन पूर्ववत करावयाची असते. पीबॉडीने ह्या कामासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची हमी केवळ स्वतःच्या नावावर दिलेली होती. बँकेचे किंवा विम्याचे तारण त्यामागे नव्हते. कंपनी भरभक्कम असेपर्यंत तिचा शब्द चालतो. पण दिवाळे निघालेल्या माणसाच्या शब्दावर कोणी शेत गहाण सोडील काय?

आणि खाणीच्या बाबतीत एक मूळचीच गोष्ट विसरता कामा नये. खाण ही दुभती गाय नव्हे. ते धान्याचे पेव आहे. रोज काढाल तेवढे कमी होईल. म्हणून घसारा न काढता मोजलेली कमाई कापडगिरणीच्या बाबतीत जेवढी फसवी, त्याहून खाणीच्या बाबतीत अधिक फसवी. वीस वर्षांचा साठा आणि पंचवीस वर्षांचे कर्ज असे असेल, तर शेवटची पाच वर्षे कोण कशातून फेडणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? कर्जाचे आयुष्य खाणीच्या आयुष्यापेक्षा लहानच असले पाहिजे.

वेळीच सावध झालेली कंपनीही पाहू, म्हणजे एकांगी बोललो असे होणार नाही. ग्लेन्कोर ही स्वित्झर्लंडमधून चालणारी मोठी खाण आणि व्यापार कंपनी. २०१५ च्या अखेरीस तिचे निव्वळ कर्ज सुमारे २५.९ अब्ज डॉलर होते आणि कमाई सुमारे ८.७ अब्ज, प्रमाण तिपटीजवळ. त्याच सप्टेंबरात तिच्या भागाचा भाव एका दिवसात सुमारे २९ टक्क्यांनी कोसळला होता. कंपनीने लाभांश थांबवला, भागधारकांकडून नवे भांडवल घेतले, काही मालमत्ता विकली. २०१६ च्या अखेरीस निव्वळ कर्ज १५.५ अब्जांवर आले, कमाई सुमारे १०.३ अब्ज; प्रमाण दीड पट. हिशेबनीस ह्याला यश म्हणतील, आणि ते यशच होते. पण ह्याच काटकसरीत झांबियातील आणि काँगोतील तांब्याच्या खाणींचे उत्पादन थांबवण्यात आले, आणि हजारो कामगारांवर घरी बसण्याची पाळी आली. लंडनच्या बाजारात जे प्रमाण सुधारले, त्याची किंमत आफ्रिकेतील चुलींनीही दिली.

हे दूरदेशीचे झाले. जवळ गोव्याकडे पाहू. बेकायदा खाणकामाच्या चौकशीनंतर २०१२ च्या सप्टेंबरात गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत ती उठली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. लिलाव होऊन काही खाणी सुरू होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. नियम मोडले गेले होते, तेव्हा न्यायालयाला दोष देण्याचे कारण नाही. पण ज्याने कर्ज काढून खनिजाचा ट्रक किंवा बार्ज घेतली होती, त्याचा विचार करा. खाण बंद, ट्रक दारात उभा, आणि हप्ता मात्र चालू. सरकारला २०१४ साली ह्या लोकांसाठी कर्जसवलतीची योजना काढावी लागली. पीबॉडीचे सहा अब्ज डॉलर आणि डिचोलीच्या ट्रकवाल्याचे काही लाख रुपये ह्यांत जातीचा फरक नाही. दोघांनीही खनिज असेच चालत राहील हे धरून कर्ज काढले होते. फरक पुढे पडतो. कंपनीला दिवाळखोरीचा कायदा आहे, वकील आहेत, नवे नाव घेऊन उठता येते. ट्रकवाल्याला गावातच राहावयाचे असते.

आपल्या देशात २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता झाली. कंपनी मोडीत निघाली, तर आधीच्या चोवीस महिन्यांचे कामगारांचे देणे, तारण सोडून देणाऱ्या धनकोच्या बरोबरीच्या पायरीवर ठेवले आहे. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी निधी आणि पेन्शन निधी ह्यांत कामगारांची जी रक्कम असेल, ती कंपनीच्या मोडीच्या मालमत्तेत धरीत नाहीत. तरतूद चांगली आहे. परंतु निधीत पैसा भरलेला असेल, तर त्याचा लाभ सरळ मिळतो. भरलेलाच नसेल तर कज्जेदलालीत वर्षे जातात. म्हणून आम्ही प्रत्येक युनियनला सांगतो, बोनसच्या वाटाघाटीआधी निधीची पावती पाहा.

तेव्हा कोणत्याही खाण कंपनीचा अहवाल हाती आला, तर पाच प्रश्न विचारावेत. एक, निव्वळ कर्ज किती, आणि ते सात-आठ वर्षांच्या सरासरी कमाईच्या किती पट? दोन, भाव तिसऱ्या हिश्श्याने उतरला तर व्याज तरी भागेल काय? तीन, कोणत्या वर्षी किती मुद्दल फेडावयाचे आहे? चार, साठा किती वर्षांचा आहे? पाच, निवृत्तांचे देणे आणि जमिनीचे देणे कोठे, कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारणावर लिहिले आहे? कंपनीच्या वरती आणखी एखादी मालक कंपनी असेल, तर हेच प्रश्न तिच्याविषयीही विचारावेत; कारण वरच्या घराचे कर्ज खालच्या घराच्या लाभांशातून फेडले जाते, आणि खालचा आकडा कितीही गोजिरा दिसला तरी दूध वर गेलेले असते.

हे प्रश्न केवळ कामगारांचे नव्हेत. आपणांपैकी कित्येकांचे पैसे म्युच्युअल फंडांत, विम्यात, भविष्यनिर्वाह निधीत आहेत, आणि ते फिरून कोठे जातात हे आपण विचारीत नाही. खाणीच्या गावात तर किराणा दुकानदार, शिंपी, खाणावळवाली बाई, सारेच त्या ताळेबंदाचे न लिहिलेले धनको असतात. खाण बंद झाली की त्यांची उधारी बुडते, आणि त्यांना कोणतेही न्यायालय बोलावीत नाही.

कर्ज वाईट असे आमचे म्हणणे नाही. कर्जाशिवाय खोल खाण खणता येत नाही. कोळसा विकण्यापूर्वी चार-पाच वर्षे पैसा जमिनीत घालावा लागतो. आमचे म्हणणे एवढेच, की भाव चढलेला असताना कर्ज काढण्याचा निर्णय चार-दोन माणसे बंद खोलीत घेतात, आणि भाव उतरल्यावर त्याची फेड ज्यांना कोणी विचारलेही नव्हते अशा हजारोंच्या पगारातून, पेन्शनीतून आणि औषधातून होते. म्हणून तो निर्णय होण्याच्या वेळीच हिशेब मागितला पाहिजे. दिवाळे निघाल्यावर मोर्चा काढावाच लागतो, आणि तो आम्ही काढूच. पण तडजोडीत जे हाती येते, ते मूळच्या वचनापेक्षा कमीच असते. अहवाल दरवर्षी छापला जातो. त्यातली दोन पाने वाचण्यास पदवी लागत नाही. गुणाकार-भागाकार येत असला आणि विचारण्याचे धैर्य असले, की पुरे.